ताटातलं शेवटचं कालव

मुलांनो, कालवांबद्दल माझ्याइतकं या जगात कुणाला कळत नाही. खाडीतलं एकूण एक कालव मला नावानिशी ओळखतं. म्हणजे, एक ओळखायचं. म्हणजे, ओळखायचं असं आपलं मीच म्हणतो. त्यानं तसं कधी कबूल केलं नाही. कालवच ते! दोन शिंपल्या घट्ट मिटून बसायचं, हा त्याचा धर्म. बोलणार कुठून?

पण ते एकदा बोललं. त्याचीच ही गोष्ट. नाकं पुसा आणि ऐका.

तर एका जंगलात, जंगल संपून चिखल सुरू होतो तिथं, एक खाडी होती. खाडीच्या काठाला तिवरांच्या झाडांची दाटी. त्या तिवरांवर फळ्या ठोकून भिवाशेट नावाच्या उदानं हॉटेल काढलं. ऊद म्हणजे पाणमांजर. ज्यांना हे माहीत नव्हतं, त्यांनी माहीत असल्यासारखा चेहरा करावा. मोठेपणी फार उपयोगी पडतो.

हॉटेलाचं नाव 'भरतीकाठ'. भरतीला टेबलांच्या पायांशी पाणी यायचं. ओहोटीला नुसता वास यायचा.

तिथं एकच पदार्थ गाजला. कच्चं कालव.

पूर्वी त्या जंगलात कालवं खायची म्हणजे ओलं खोबरं वाटून, रस्सा करून, भातावर घेऊन, बोटं चाटत खायची. भिवाशेटनं ती पद्धत मोडली. भांडी घासायचा कंटाळा, दुसरं काय! त्यानं ताटात ओलं शेवाळ पसरलं. त्यावर डझनभर कालवं मांडली, जिवंत आणि मिटलेलीच. बाजूला लिंबाची फोड ठेवली, एक बोथट सुरी ठेवली, आणि जाहीर केलं, "ज्याचं त्यानं उघडायचं आणि गिळायचं. चावायचं नाही. चावतात ते गावंढळ."

झालं! सारं जंगल लोटलं.

सांबर आलं. त्याच्या सात पिढ्यांनी पाल्याखेरीज दुसरं काही तोंडात घातलं नव्हतं. साळिंदर आलं. ते बसलं की शेजारची दोन टेबलं आपोआप मोकळी व्हायची. माकडं तर सहकुटुंब आली. आणि सगळ्यांना पाण्याकडचंच टेबल हवं. का? तर पाण्यात आपलं जेवतानाचं रूप दिसायचं. कालव ओठाशी धरायचं, मान जराशी तिरकी करायची, आणि पाणी संथ होईपर्यंत तसंच थांबायचं. मधेच एखादा मासा उसळला की पुन्हा पहिल्यापासून. खाणं राहिलं बाजूला, पण रूप काय दिसायचं!

कालव लागतं कसं, हे मात्र कुणी कुणाला विचारत नसे. "वेगळंच!" एवढं म्हणायचं आणि पाणी प्यायचं. मग घरी जाऊन गुपचूप भाकरी खायची.

आता आपल्या चिमाआजीकडे येऊ.

चिमाआजी हे त्या खाडीतलं सगळ्यात थोरलं कालव. अंगावर खडबडीत पापुद्रे, त्यावर चिखलाची पुटं. रूप असं, की खडकानंही म्हणावं, ही माझी कुणी नव्हे. एका ओहोटीला भिवाशेटनं तिला उचकटलं आणि टोपलीत टाकलं. त्याच संध्याकाळी ती ताटात.

'संपलं,' ती मनात म्हणाली. कालवं पाण्यात असली की बुडबुडे सोडून आपापसात बोलतात. पाण्याबाहेर बोलायचं तर शिंपली उघडावी लागते, आणि शिंपली उघडली की सुरी आत. म्हणून ताटात बसलेलं कालव जे काही म्हणायचं ते मनातच म्हणतं.

ताट दोन रानमांजरांपुढं आलं. एकेक कालव उचललं जाऊ लागलं. चिमाआजी होती अगदी कडेला. शेजारची गेली, समोरची गेली. चिमाआजी एकटी उरली. कालवाला डोळे नसतात, तरी तिनं ते मिटून घेतले.

वरून आवाज आला, "घ्या ना."

"छे छे, तुम्ही घ्या."

"अहो, माझं इथपर्यंत आलंय."

"माझं तर त्याच्याही वर आलंय. तुम्हाला आवडतं, घ्या."

"आवडतं म्हणून काय झालं? तुम्ही घ्या."

आणि दोन्ही रानमांजरं मिशा पुसत उठून गेली. चिमाआजी ताटातच!

मुलांनो, तुमच्या घरी पाहुणे आले की बशीतल्या शेवटच्या वडीकडे नीट बघा. ती कुणाची असते? कुणाचीच नसते. ती वाळेल, तिला मुंग्या लागतील, पण चारचौघांदेखत तिला कुणी शिवणार नाही. त्या जंगलातही हीच रीत. शेवटचा घास घेईल तो हावरा. आणि हावऱ्याच्या घरी मुलगी कोण देणार? हावऱ्याची मुलगी कोण करणार?

दुसऱ्या दिवशी चिमाआजी पुन्हा ताटात. पुन्हा कडेला. पुन्हा "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या." मग तिच्या लक्षात आलं, की आपण अमर आहोत.

भिवाशेटच्याही लक्षात आलं. बारातलं बारावं रोज परत येतंय, तर दर ताटामागं चिखलात हात घालून अकराच शोधायची! मग काय, एका टेबलावरून उठली की चिमाआजी दुसऱ्या टेबलावर. तिथून तिसऱ्या. जंगलात इतकी जेवणावळ कुणालाच घडत नव्हती. भिवाशेटनं तिला वेगळा वाडगा दिला. त्यात रोज भरतीचं ताजं पाणी. वाडगा फळीवर, उंच. खाली पाण्यात बुडवलेल्या टोपलीत बाकीची कालवं.

उंच बसायला मिळालं की उपदेश सुचतो. चिमाआजी फळीवरून बुडबुडे सोडायची आणि खाली टोपलीच्या पाण्यातली कोवळी कालवं कान देऊन ऐकायची. कान कुठले म्हणता? अरे, डोळे चालले तेव्हा कुणी विचारलं नाही, आता कानांवर अडता होय!

"पोरांनो," चिमाआजी म्हणायची, "दोन गोष्टी धरून ठेवा. एक, कायम शेवटी राहायचं. दोन, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. एवढं केलंत की तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. माझ्याकडं बघा."

"पण आजी," एक कालव म्हणालं, "सगळेच शेवटी राहिले तर पहिलं कोण जाणार?"

"तू," चिमाआजी म्हणाली.

त्या दिवसापासून ताटाताटांत ढकलाढकली सुरू झाली. शेवाळाखालून जो तो मागं सरकतोय. थोरल्यांना पुढं घालतोय. मान तुमचा, मान तुमचा! ताट थरथरायचं. गिऱ्हाइकं खूश. "बघा, काय ताजा माल आहे! अजून नाचतोय."

इथवर सगळं ठीक होतं. पण रोज पाण्याकडचं टेबल, रोज थोरामोठ्यांची संगत. हळूहळू चिमाआजीच्या डोक्यात हवा गेली. तिला वाटू लागलं, की हे लोक आपल्याला खात नाहीत ते लाजेपोटी नव्हे. हा आदर आहे. आपला दरारा आहे. एकदा तर खुद्द वाघानं तिच्याकडं बघून पंजा मागं घेतला. त्याच्यासमोर त्याची सासू बसली होती, ही गोष्ट चिमाआजीनं हिशेबात धरली नाही.

अशात एका संध्याकाळी भरतीच्या वेळेला दगडोबा अस्वल 'भरतीकाठ'ला आला. बरोबर त्याची मुलगी रेवा. आणि घाटमाथ्यावरून आलेले पाहुणे: हैबतराव अस्वल, त्यांच्या पत्नी सगुणाबाई आणि नवरामुलगा. म्हणजे मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम. नवरामुलगा बसला तो पाण्यात स्वतःकडेच बघत बसला, त्यामुळं त्याचा या गोष्टीला फारसा उपद्रव नाही. रेवाची आई घरी थांबली होती. हॉटेलातून परत आल्यावर सगळ्यांना भाकऱ्या कोण टाकणार?

दगडोबानं वाटेत रेवाला बजावलं होतं. "चिमणीसारखं खायचं. एक घ्यायचं, फार तर दीड. नखं आत. ढेकर बंद. घाटावरची माणसं बारीक नजरेची असतात."

"बाबा, मी सकाळपासून उपाशी आहे."

"छान! चेहरा नाजूक दिसतोय."

ताट आलं. वाढपी बगळ्यानं ते मधोमध ठेवलं आणि तो एका पायावर उभा राहिला. हैबतरावांनी दोन उचलली. दगडोबानं दोन. सगुणाबाईंनी पदराआड दोन, मग आणखी एक. नवऱ्यामुलानं तीन घेतली, पण पाणी हलल्यामुळं ती तीनही त्याला दिसलीच नाहीत. रेवानं एकच गिळलं आणि "पुरे" म्हणाली. तिच्या पोटातून असा आवाज आला, की शेजारच्या टेबलावरची सांबरं उठून उभी राहिली.

ताटात चिमाआजी उरली. ऐटीत. 'चला,' ती मनात म्हणाली, 'आता आपला सत्कार.'

"घ्या, हैबतराव," दगडोबा म्हणाला.

"छे छे! तुमचा मान."

"पाहुणे तुम्ही."

"म्हणून काय! यजमानानं आधी."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

"तुमचा गळा सलामत राहो, पण मी घेणार नाही."

दगडोबानं चिमाआजीला उचलून हैबतरावांच्या पुढ्यात ठेवलं. हैबतरावांनी तिला उचलून दगडोबाच्या पुढ्यात ठेवलं. पुन्हा इकडं. पुन्हा तिकडं. आधी ठेवत होते, मग सरकवू लागले, मग भिरकावू लागले. चिमाआजीला गरगरायला लागलं. 'आज आदर जरा जोरात चाललाय,' ती मनात म्हणाली.

सगळं हॉटेल जेवण सोडून बघू लागलं. बगळ्यानं पाय बदलला.

"अहो, अर्धं अर्धं करा," सगुणाबाई म्हणाल्या.

"उत्तम!" दगडोबा म्हणाला. "मोठं अर्धं हैबतरावांना."

"अजिबात नाही! मोठं अर्धं तुम्हाला."

"तुम्हाला!"

"तुम्हाला म्हणतो ना!"

हैबतराव ताडकन उठले. पाठीवरचे केस उभे. "घाटावर आम्ही उपाशी मरतो, असं वाटतं का तुम्हाला? मघापासून कोंबताय!"

दगडोबाही उठला. "आणि आम्ही काय पाहुण्याच्या तोंडचा घास काढून खाणारे वाटलो? मघापासून परत करताय!"

"नको ही सोयरीक!"

"नको तर नको!"

"चला हो," हैबतराव सगुणाबाईंना म्हणाले. सगुणाबाई उठल्या नाहीत. कारण समोर रेवानं हात पुढं केला होता. नखांसकट.

"मी घेते," रेवा म्हणाली.

साळिंदराचा एक काटा गळून पडला, त्याचाही आवाज झाला. दगडोबानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आपल्या पोरीनं शेवटचा घास मागितला, आणि तोही होणाऱ्या सासूदेखत! आता हिला साळिंदरसुद्धा करणार नाही.

सगुणाबाईंनी रेवाकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत. आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. त्या हसत होत्या.

"घे गं बाई, घे," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून शेवटची भाकरी मी झाकून ठेवते. हे म्हणतात तू घे, मी म्हणते तुम्ही घ्या. सकाळी ती कावळे खातात. घरात एक तरी खाणारं माणूस येऊ दे. अहो, बसा खाली! सोयरीक ठरली."

हैबतराव बसले. दगडोबाही बसला, पण खुर्ची कुठं आहे हे न बघता.

आता चिमाआजीच्या शिंपलीत पुन्हा धडकी भरली. रेवानं तिला उचललं, सुरी घेतली आणि फटीत खुपसली. चिमाआजीनं जीव एकवटून शिंपल्या आवळल्या. सुरी सटकली. पुन्हा खुपसली. पुन्हा सटकली. सुरी बोथट होती, आणि चिमाआजीचा आयुष्यभराचा सराव होता. रेवानं तिला टेबलावर आपटलं. कानाशी नेऊन हलवलं.

"हे मेलंय," रेवा म्हणाली.

भिवाशेटच्या मिशा खाली आल्या. "नाही हो ताई, ताजं आहे."

"कसलं ताजं! नुसती शिंपली आहे. आत काही नाही. शेट, रोज हेच एक रिकामं शिंपलं फिरवता की काय?"

"जाऊ दे गं," सगुणाबाई म्हणाल्या. "टाक खाडीत. दुसरं ताट मागवू."

रेवानं हात कठड्याबाहेर काढला. खाली भरतीचं पाणी डुचमळत होतं.

मुलांनो, इथं जरा श्वास धरा. बोट सैल होण्याचा अवकाश, की चिमाआजी खाडीत. तिच्या खडकाशी. ताट नाही, लिंबू नाही, भिवाशेट नाही. आणि त्यासाठी तिनं करायचं काय होतं? जे जन्मभर केलं तेच. काही नाही.

तिनं ते केलंही. पळभर. पण फळीखालच्या टोपलीतून बुडबुड्यांचा आवाज आला. कोवळी कालवं हसत होती. "आजी रिकामी! आजी रिकामी!"

खाल्लं जाणं एकवेळ सोसवतं. पण रिकामं म्हणून फेकलं जाणं? तेही वाघाला जिनं पंजा मागं घ्यायला लावला तिनं? चारचौघांदेखत?

चिमाआजीनं शिंपली उघडली. सताड.

"मेली कोण गं, भवाने?" ती कडाडली. "रिकामी कोण? या हॉटेलात माझ्याइतकं भरलेलं आहे का कुणी? तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी या खाडीत आहे! या टेबलावर वाघ बसून गेलाय. माझ्याकडं बघितलं आणि त्याचा पंजा जागच्या जागी थिजला. सांबर झालं, साळिंदर झालं, कुणाची छाती झाली नाही मला हात लावायची. हा तुझा बाप बघ, केवढा पहाड! हा तुझा सासरा बघ, घाटावरून आलाय! दोघं मिळून भांडले, सोयरीक मोडायला निघाले, पण मला तोंडाला लावायची हिंमत झाली का एकाची तरी? का झाली नाही, सांग! आहे उत्तर? आहे?"

रेवानं हात कठड्याच्या आत घेतला. शांतपणे लिंबाची फोड उचलली. पिळली.

"आजी," ती म्हणाली, "त्यांना लाज आहे. मला भूक आहे."

तात्पर्य: मुलांनी बशीतली शेवटची वडी कधीही घेऊ नये. पोट मागत असलं तरी नजर खाली ठेवावी, बशी पुढं सरकवावी आणि गोड आवाजात "तुम्ही घ्या" म्हणावं. अशानं घराण्याचं नाव राहतं, आणि वडीही राहते. पाहुणे गेल्यावर आम्हा म्हाताऱ्यांना ती स्वयंपाकघरात फार शोधावी लागत नाही.